मलमकाकांची बाही

मलमकाकांनी सगळी हयात राक्षसांना कामाला लावण्यात घालवली. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात ते जुन्या परीकथा दुरुस्त करायचे. त्यांच्या टेबलाच्या एका बाजूने राक्षस आत जायचा आणि दुसऱ्या बाजूने माळी होऊन बाहेर पडायचा. फारच दांडगा असला तर तिरसट शेजारी. सावत्र आया त्यांच्या हाताखालून सख्ख्या होऊन निघत. लांडगे पालेभाजीवर येत. शापाने झोपलेल्या राजकन्या एक डुलकी काढून चहाच्या वेळेला उठत. जिथे म्हणून खरचटलेलं दिसेल तिथे हा गृहस्थ मलम लावतो, म्हणून कचेरीत त्यांना मलमकाका म्हणत, आणि इतकी वर्षं म्हणत आले होते की त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकालाच ठाऊक होतं.

आता मात्र काका दमले होते. डोंगर चढून माणूस दमतो तसे नाही. जिन्याच्या मधोमध उभं राहावं आणि आपण वर निघालो होतो की खाली हेच आठवू नये, तसे. सकाळी कचेरीत आल्यावर बराच वेळ ते नुसते बसून राहत. मग पेन्सिलीला टोक काढत, आणि टोक फार सुरेख आलं म्हणून ती पेन्सिल न वापरता पेल्यात ठेवून देत. पेल्यात आता पेन्सिल ठेवायला जागा नव्हती.

त्यांची कामाची एक पद्धत होती आणि ती त्यांनी स्वतः शोधून काढलेली होती. मुलगी लहान असताना ते कचेरीतल्या गोष्टी घरी आणत आणि संध्याकाळी तिला डावीकडे बसवून वाचून दाखवत. उजव्या हातात पेन्सिल. वाचता वाचता मुलीने त्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली, की काका तिथेच थांबत, समासात फुली मारत, पुस्तक मिटत आणि म्हणत, "बास हं बास. काही झालं नाही." दुसऱ्या दिवशी कचेरीत फुलीची जागा कापली जाई. हळूहळू ती कचेरीची भाषाच झाली. चित्रकार दारातून डोकावून विचारायचा, "काका, हिला दात काढू, का बाही लागलीय?" काका म्हणायचे, बाही लागलीय, आणि चेटकिणीच्या तोंडात दातांच्या जागी हसू येई. अशा रीतीने एका चार वर्षांच्या मुलीने आपल्या मुठीने एका अख्ख्या पिढीचं बालपण तपासून दिलं, आणि त्याबद्दल प्रकाशनाने तिला साधं कॅलेंडरही पाठवलं नाही.

ती मुलगी तिशी ओलांडून गेली होती आणि अजून घरातच होती. घरी तिला पिल्लू म्हणत. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. शहरातल्या नळांचं, टाक्यांचं, विहिरींचं पाणी बाटल्यांतून तिच्यासमोर येई आणि कशात काय पोहतंय ते ती सांगे. कामात वाघ. साहेबाने चुकीचा आकडा सांगितला तर चारचौघांत दुरुस्त करायची. घरी आली की मात्र लहानपणच्याच खोलीत, लहानपणच्याच पलंगावर पाय पोटाशी घेऊन झोपायची, कारण पाय लांब केले तर ते पलंगाबाहेर जात.

नदीच्या वरच्या अंगाला, दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांब, एक नवी प्रयोगशाळा उघडायची होती. ती उभी करायला पिल्लूला बोलावलं होतं. असं बोलावणं पूर्वीही आलं होतं. दर वेळी ती जेवताना सांगे, दर वेळी काका ताटातून मान वर न करता म्हणत, "बघ बाई. घाई कसली आहे? घर आहेच." आणि दर वेळी कुणीतरी दुसरंच जाई. या वेळी शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि वरिष्ठांनी गोड शब्दांत बजावलं होतं की यापुढे तिला विचारून कुणी तिला त्रास देणार नाही.

ती जावी असंच काकांना वाटत होतं. हे त्यांनी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. ती राहावी असं वाटत होतं, ते शपथेशिवायही दिसत होतं. गेल्याच आठवड्यात त्यांनी तिच्या खोलीला नवे पडदे आणले होते.

काकूंचं या बाबतीत काही म्हणणं असलं तरी ते त्या म्हणत नसत. त्या मोटार चालवायला शिकवत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आणि त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. दिवसभर लोकांच्या चुका पायाने थांबवून त्या घरी आल्या की खुर्चीत पडत आणि म्हणत, आता मला कुणी काही विचारू नका, मी डावीउजवीसुद्धा सांगणार नाही. टीव्हीवर कुणी जोरात धावत आलं तरी त्यांचा पाय फरशीवर दाबला जाई.

त्याच आठवड्यात सूनबाईंनी काकांना आत बोलावलं. सूनबाई म्हणजे प्रकाशनाच्या जुन्या मालकांच्या सूनबाई; मालक थकले आणि कारभार त्यांच्याकडे आला. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आता अस्सल गोष्टींचे दिवस आलेत असं सांगितलं. पालकांच्या तक्रारी येत होत्या. मुलं खेळात हरली की आठवडाभर तोंड पाडून बसतात, एकटी दुकानात जात नाहीत, सगळ्याला घाबरतात. तेव्हा लांडगे परत आणायचे. सावत्र आया, जंगलं, शाप, जे जे काढलं ते सगळं होतं तिथे लावायचं.

काकांनी पाणी संपवलं. "बाई, हे तक्रार करणारे पालक आपल्याच पुस्तकांवर वाढलेत," ते म्हणाले.

"म्हणून तर आपल्याकडेच आलेत," सूनबाई म्हणाल्या. "आणि हे काम तुम्हालाच जमेल, काका. कुठून काय काढलंय ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

काकांना हे कौतुक वाटलं नाही आणि अपमानही वाटला नाही. आपण रंगवलेली भिंत आपल्यालाच खरवडायला सांगितल्यावर रंगाऱ्याला जे वाटत असेल ते वाटलं, म्हणजे पाठ दुखेल एवढंच. ते तळघरातल्या गोदामात उतरले. जुन्या प्रती तिथे गठ्ठ्यांनी बांधून ठेवल्या होत्या. आडवे गठ्ठे उभे करता करता त्यांच्या नाकातोंडात धूळ गेली. पानापानावर त्यांच्या फुल्या होत्या. या फुल्या घालणारा माणूस किती उत्साही होता, हे पाहूनच त्यांना थकवा आला.

एक गोष्ट ते घरी घेऊन आले, आणि रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, ती त्यांनी टेबलावर ठेवली. सवय. दुरुस्त केलेली गोष्ट घरी वाचून पाहिल्याशिवाय त्यांना ती झाली असं वाटतच नसे. काकूंनी पाय स्टुलावर घेतले होते. पिल्लू समोर बोलावणंपत्र ठेवून, ते न वाचता, कागदाच्या कोपऱ्याची घडी घालत बसली होती.

"ऐकतेस का?" काकांनी विचारलं.

"बाबा, मी एकतीस वर्षांची आहे."

"मग तर पटकन कळेल," काका म्हणाले. ती उठली आणि येऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसली.

ती गोष्ट मीठ आणायला जाणाऱ्या मुलीची होती. काकांनी दुरुस्त केलेली तिची आवृत्ती फार लोकप्रिय होती. तिच्यात घरातलं मीठ संपतं तेव्हा आई म्हणते, चल, आपण दोघी जाऊ. जंगलाची काकांनी बाग केली होती आणि वाटेवर दमलेल्यांसाठी बाकडी टाकली होती. पलीकडे राहणारी राक्षशीण मावशी झाली होती. ती मीठ देते, वर चार गप्पा मारते, आणि दिवेलागणीच्या आत दोघी घरी. शेवटच्या चित्रात घराचं दार सताड उघडं होतं.

जुनी गोष्ट काकांनी वाचायला घेतली. घरातलं मीठ संपलं. आई मुलीला म्हणाली, जंगलापलीकडे राक्षशिणीकडे मीठ आहे, ते घेऊन ये. मुलगी म्हणाली, तू पण चल. आई म्हणाली, मी एकदा जाऊन आलेय. मुलगी उंबऱ्याबाहेर गेली, आणि आईने दार लावून आतून कडी घातली.

काकांची बाही ओढली गेली.

त्यांनी मान वळवून पाहिलंही नाही. हात आपोआप समासाकडे गेला, तिथे आधीच एक फुली होती, आणि तिच्यावर दुसरी फुली मारत ते म्हणाले, "बास हं बास. काही झालं नाही."

"झालं काय ते तर वाच," पिल्लू म्हणाली. "थांबलास का?"

"तू बाही धरलीस."

"मग? वाच ना पुढे. तेव्हाही तू असाच करायचास. आता काहीतरी होणार असं वाटलं की मी बाही ओढायची, लवकर वाच म्हणून. आणि तू पुस्तकच मिटायचास. मला वाटायचं गोष्ट तेवढीच असते."

काका तिच्याकडे पाहत राहिले. तिच्या मुठीत अजून बाही होती. कचेरीतल्या त्या सगळ्या मावश्या, माळी, बागा आणि बाकडी त्यांच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक निघून गेली, आणि जाताना कुणी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही.

"तू घाबरायची नाहीस?" त्यांनी विचारलं.

"घाबरायची की. म्हणून तर पुढे ऐकायचं असायचं."

काकू डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, की झोपेत ती चेटकिणींची नावं घ्यायची ते बरं असायचं, पुढे पुढे ती बागांची स्वप्नं बघायला लागली आणि रात्रभर कुरकुर करायची. मग म्हणाल्या, "वाचा की हो. एवढं थांबवलंय पोरीला."

काका वाचू लागले. राक्षशिणीने मुलीला दारातच सांगितलं, माझं घर झाड, माझे केस विंचर, आणि रडू नकोस. रडलीस तर त्याच पाण्याचं मीठ तुझ्या हातावर ठेवीन आणि वरून तुला खाईन. घर केवढं, तर सकाळी एका टोकाने झाडत निघालं की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मागे पुन्हा धूळ बसलेली. केसांत साप, विंचू, एकदा तर हरवलेली गाय निघाली. मुलगी झाडत राहिली आणि विंचरत राहिली. रडू आलं की ओठ चावायची. एक दिवस राक्षशीण म्हणाली, आता तू खाण्यासारखी राहिली नाहीस, निबर झालीस, ने तुझं मीठ. मुलगी घरी आली. दार ठोठावलं. कडी निघाली. आत जाताना तिला वाकावं लागलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की दार बुटकं झालं आहे. आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, कोण पाहिजे, बाई?

तिथे गोष्ट संपत होती. पुढे एक रेघ होती आणि छापखान्याचं चित्र.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ते काकूंना ऐकवेना. त्यांचा पाय स्टुलावरच दाबला गेला.

"आईने कडी का घातली?" पिल्लूने विचारलं.

काका म्हणाले की जुन्या गोष्टी कारणं देत नसत. कारणं द्यायची पद्धत त्यांनी स्वतः सुरू केली आणि पानं वाढली.

"उघडं असतं तर मी कोपऱ्यावरूनच परत आले असते," ती म्हणाली.

तिने 'मी' म्हटलं होतं. ते तिघांनीही ऐकलं, आणि पहिल्यांदाच त्या घरात कुणी काही दुरुस्त केलं नाही. तिने बोलावणंपत्राच्या कोपऱ्याची घडी उलगडली आणि हाताने सपाट करत राहिली. ती फार थकलेली दिसत होती. रोज तेच नळ, तेच पाणी, आणि रोज संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन झोपणं, याने माणूस किती थकतो ते काकांनी प्रथमच पाहिलं. आजवर त्यांना वाटत होतं की घरात दमणारे ते एकटेच आहेत.

"बाबा, दर वेळी तू म्हणतोस घर आहेच. मला माहितेय घर आहे. या वेळी एकदा नुसतं 'जा' म्हण."

काकांनी तोंड उघडलं. तोंडात तयार होतं ते वाक्य फार जुनं आणि गुळगुळीत होतं, आणि ते निम्मं बाहेरही आलं. "घाई क..." एवढ्यावर त्यांनी ते थांबवलं. काकूंनी डोळे उघडले. काकांनी घसा साफ केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आयुष्यभर इतरांची वाक्यं कापलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य कापताना घाम फुटला.

"जा," ते म्हणाले.

आणि त्यापुढे त्यांच्या ओठांवर आलेला 'पण', जेवणाचा, थंडीचा, लांबच्या प्रवासाचा, एकटीने राहण्याचा तो भला मोठा 'पण', त्यांनी तसाच गिळला. तो कितीतरी वेळ छातीत अडकून होता. पिल्लूने बाही सोडली. बाहीला सुरकुत्या पडल्या होत्या.

शुक्रवारची वाट न पाहता तिने सोमवारीच होकार कळवला. पुढचे दिवस कुणालाही आवडतील असे नव्हते. सामान बांधताना तिघंही एकमेकांवर खेकसले. पिल्लू एकदा न्हाणीघरात जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली की साबण डोळ्यांत गेला. काकांनी तिच्या पिशवीत औषधांचं एक दुकानच भरलं. तिने ते बाहेर काढलं. त्यांनी पुन्हा भरलं. पडद्यांचं काय करायचं यावर वाद झाला आणि पडदे तसेच राहिले. कचेरीत काकांनी मिठाची गोष्ट जशीच्या तशी सूनबाईंपुढे ठेवली. सूनबाईंनी ती वाचली आणि जरा घुटमळत विचारलं, आई कडी घालते ते जरा सौम्य नाही का करता येणार? काका म्हणाले, नाही. सूनबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, बहुधा बरं आहे ना हे पाहायला.

जायच्या सकाळी पिल्लू पिशव्या घेऊन दाराबाहेर उभी राहिली. बसथांब्यापर्यंत येतो असं काकांनी आदल्या दिवसापासून ठरवलं होतं. तिने नको म्हटलं. मग जिन्याखालपर्यंत. तेही नको. काका चौकटीत उभे राहिले, एका हाताने दार धरून.

"लाव ना, बाबा," ती म्हणाली. "तू असा उभा राहिलास तर मी जिन्यातच बसेन."

काकांनी दार लावलं. कडी घातली. कडी गंजली होती. आजवर ती घालायची वेळच आली नव्हती. मग ते दाराला कान न लावता, पण दारापासून फार लांबही नाही, असे उभे राहिले. पावलं एक मजला उतरली, थांबली, पिशवी या हातातून त्या हातात गेली, पुन्हा उतरू लागली. मग काही नाही.

थोड्या वेळाने घंटा वाजली.

काकांचा हात कडीवर गेला, त्यांनी तो नेला नव्हता. काकू बूट घालत होत्या. त्यांनी एका पायात बूट असतानाच येऊन त्यांचं मनगट धरलं. बाहेरून पिल्लूचा आवाज आला, दमलेला आणि शरमलेला, की चष्मा टेबलावर राहिला. काकू टेबलापाशी गेल्या. चष्म्याचं घर उचललं, त्यात एक मोजा कोंबला, खिडकी उघडली आणि मोठ्याने म्हणाल्या, "खाली जाऊन उभी राहा. टाकते."

दारामागून एक हसण्यासारखा आवाज आला, आणि पावलं पुन्हा उतरली, या वेळी भराभर. काका खिडकीशी आले. खाली रस्त्यावर पिल्लूने दोन्ही हात पुढे केले. काकूंनी नेम धरून टाकलं, ते तिच्या हाताला लागून फुटपाथवर पडलं, तिने उचललं, चष्मा शाबूत आहे का पाहिला, मोजा खिशात घातला आणि पिशव्या उचलून चालू लागली. कोपऱ्यावर ती थांबली. काकांनी श्वास धरला. तिने फक्त रस्ता ओलांडायला दोन्हीकडे पाहिलं आणि ओलांडला.

काका खिडकीशीच उभे राहिले. घरात दुसऱ्या बुटाची नाडी बांधल्याचा आवाज आला.

"मी आता काय करू?" त्यांनी विचारलं.

हे त्यांनी काकूंना विचारलं की कुणालाच नाही, हे काकू ठरवत बसल्या नाहीत. त्यांनी किल्ल्या उचलल्या. "मला आता एका आजोबांना शिकवायचंय. मागे गाडी घ्यायला घाबरतात. चला, मागच्या सीटवर बसा. आपल्यापेक्षा घाबरलेलं कुणी गाडीत असलं की त्यांना धीर येतो."

काका गेले. आजोबा चालकाच्या जागी बसले होते, ताठ, फोटो काढायला बसल्यासारखे. त्यांनी आरशातून काकांकडे पाहिलं आणि खरोखरच त्यांना बरं वाटलेलं दिसलं. गाडी सुरू झाली, धक्का बसला, बंद पडली. पुन्हा सुरू झाली. काकू काहीतरी हळू आवाजात सांगत होत्या, उजवीकडे, आणखी थोडं, पाहा मागे, कुणी नाही. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा काकांचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं आणि त्यांना गाढ झोप लागली होती.